काकडआरतीनंतरचा चहा

पत्र परळहून आलं आहे. चार पानी आहे. नावं आणि संस्थेचा उल्लेख गाळून, थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, मी ६३ वर्षांची, हे ७१. हे बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, मी डोंबिवलीला बालवाडीवर शिकवत होते. आमच्या गुरुसंप्रदायाची परळला धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलला उपचारासाठी बाहेरगावहून येणारे पेशंट आणि त्यांची माणसं तिथे उतरतात. संस्थेला तिथेच राहून काम बघणारं निवृत्त जोडपं हवं होतं. दत्तजयंतीला आम्ही दोन वर्षांचा संकल्प केला, घराला कुलूप लावलं आणि इथे आलो. मानधन नाही, आमचा खर्च आम्हीच करतो. दुसऱ्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली आहे, लिफ्ट नाही.

पहाटे सव्वाचारला उठते. पाचला काकडआरती, साडेपाचला स्वयंपाकघर. नाश्ता, बाराचा महाप्रसाद, रात्रीचं जेवण. एका वेळेला दीडशे पानं होतात. मदतीला दोन बायका आहेत, पण कोठीच्या किल्ल्या माझ्याकडे. झोपायला साडेदहा वाजतात. हे खाली ऑफिसात असतात. खोल्यांचं रजिस्टर, फायली, नवीन माणसाला ओपीडीची वाट दाखवणं. सगळे आम्हाला काका-काकू म्हणतात. काका किती गोड बोलतात, म्हणतात. माझ्याशी मात्र सिलेंडर आला का आणि उद्या किती पानं, एवढंच बोलणं. दमले म्हटलं की म्हणतात, सेवेत तक्रार करायची नसते.

माघात एक मुलगा गेला. नऊ वर्षांचा, बिहारमधल्या मोतीहारीकडचा. किमोने तोंड आलं होतं, माझ्या हातचा गुरगुट्या भात तेवढा खायचा. 'आजी, गुरगुर भात' म्हणायचा. त्या रात्री माझ्याच्याने वाढणं झालं नाही, कोठीत जाऊन रडले. हे त्याच्या आईवडिलांना गाडी ठरवून देऊन रात्री दोनला वर आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक विश्वस्त म्हणाले, 'काकू, सेवेकऱ्याने एवढं गुंतायचं नसतं. गाडगेबाबा काय म्हणाले आठवा. मेले ऐसे कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी.'

मुलगी पुण्याला असते. आषाढात दुसऱ्यांदा बाळंत होईल. 'आई, तू येशील ना?' विचारते. हे म्हणतात, संकल्प मोडायचा नाही. आणि आरतीला उभी राहिले की माझ्या डोळ्यांपुढे डोंबिवलीच्या गॅलरीतली तुळस येते, आणि दोघांपुरतं केलेलं पिठलं. देवासमोर उभं राहून घर आठवणारी मी कसली सेवेकरी? मी पापी आहे का?"

ताई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या गुरगुर भाताशी थांबले, पुढे वाचवेना. दुसऱ्यांदा वाचताना पेन घेऊन बसले आणि तुमच्या दिवसातले तास मांडले. सव्वाचार ते साडेदहा म्हणजे सव्वाअठरा तास. दुपारी तासभर पाठ टेकत असाल असं धरते, तुम्ही तसं लिहिलेलं नाही. मग दुसरा हिशोब मांडला, या सव्वाअठरा तासांत तुम्ही दोघं एके ठिकाणी किती वेळ असता? काकडआरतीला असाल, पण बायका एका अंगाला आणि पुरुष दुसऱ्या. जेवताना नसाल, कारण पंगत उठेपर्यंत तुमच्या हातात ओगराळं असणार. रात्री खोलीत असता, तेव्हा डोळे उघडे राहत नाहीत. माझी बेरीज शून्य आली. पत्रात तुम्ही चार दुःखं लिहिली आहेत आणि चारही खरी आहेत, पण मला त्यांचं मूळ या शून्यात दिसतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. आम्ही दोघं २०११ ते २०१३ कृष्णाकाठच्या एका क्षेत्री सेवेला होतो. यांच्याकडे भक्तनिवास, माझ्याकडे कोठी. गुरुवारी सहाशे पान व्हायचं. किती तांदूळ, किती तूरडाळ, किती तेल हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. यांना मधुमेह. दुसऱ्या वर्षीच्या एका एकादशीला हे घाटाच्या पायऱ्यांवर बसल्या बसल्या कलंडले. मिरजेला नेलं. साखर एकदम उतरली होती. डॉक्टरांनी मला सहज विचारलं, "काल रात्री काय जेवले होते?" मला सांगता येईना. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. यांच्या पानात काय पडलं हे मला ठाऊक नाही असा दिवस घरी कधी गेला नव्हता. नंतर कळलं की गुरुवार आणि एकादशी, दोन्ही दिवस निरंकार उपास चालले होते आणि गोळ्या मात्र नेमाने घेणं चालू होतं. भक्तनिवासातल्या सगळ्या मुलांना हे माहीत होतं. मला नव्हतं, कारण आम्ही कित्येक महिन्यांत एकत्र जेवलोच नव्हतो. (तुमच्या यजमानांना साखरेचा त्रास असेल तर उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही उपास करू देऊ नका. हे सगळ्यांत आधी.)

दवाखान्यातून परत आल्यावर मी एकच गोष्ट केली. काकडआरती झाली की कोठीकडे न जाता खोलीवर यायचं, दोन कप चहा टाकायचा आणि दोघांनी बसून प्यायचा. वीस मिनिटं. पहिले आठ-दहा दिवस आम्ही काहीच बोललो नाही. काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. मग एक दिवस यांनी विचारलं, "तुझा डावा खांदा दुखतो का गं? हात वर जात नाही तुझा." तो खांदा चार महिने दुखत होता. त्या चार महिन्यांत त्यांनी तो पाहिला होता की त्याच दिवशी पाहिला, हे मी कधी विचारलं नाही.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हेच. काकडआरती साडेपाचच्या आत आटोपत असेल, तर स्वयंपाकघर पावणेसहाला सुरू करा. नाश्ता पंधरा मिनिटं उशिरा झाला तर कोणाची ओपीडी चुकत नाही, आणि चुकेल असं वाटलं तर कणीक आणि चिरणं आदल्या रात्री करायला त्या दोन बायकांना सांगा. खोलीत गॅस चालत नसेल तर विजेची किटली आणा. ऑफिस, रजिस्टर, सिलेंडर यांतलं काहीही त्या वेळात बोलायचं नाही, एवढा एक नेम ठेवा.

आता त्या माघातल्या रात्रीकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सोडवत नाही. "भिंतीकडे तोंड करून झोपले. एक शब्द बोलले नाहीत." तुम्हाला त्यात कोरडेपणा दिसला. तुमच्या जागी मलाही तोच दिसला असता. पण त्यांची रात्र जरा डोळ्यांपुढे आणा. नऊ वर्षांचं मूल गेलेलं. परक्या शहरातले आईवडील, हातात पैसा किती ते देव जाणे, गाव शेकडो मैल लांब. त्या बापाबरोबर हॉस्पिटलच्या कागदांच्या रांगेत कोण उभं राहिलं? गाडीवाल्याशी भाड्याची बोलणी कोणी केली? गाडीत ते मूल ठेवताना शेजारी कोण होतं? तुम्ही कोठीत रडत होता तेव्हा ते खाली हे करत होते. ७१ वर्षांचा माणूस रात्री दोनला दोन जिने चढून वर आला आणि भिंतीकडे वळला. ताई, ते झोपले होते असं तुम्हाला खरंच वाटतं?

माझा समज असा आहे की "सेवेत तक्रार करायची नसते" हे ते तुम्हाला कमी आणि स्वतःला जास्त बजावतात. जन्मभर वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला इंजिन दुरुस्त करता येतं. इथे समोर जे येतं त्यातलं पुष्कळसं दुरुस्त होत नाही, आणि ते रोज बघावं लागतं. तुम्हाला निदान रडता आलं. त्यांनी ते कुठे ठेवलं असेल?

त्या विश्वस्तांचं म्हणाल, तर त्यांचा हेतू वाईट नसेल. पण त्यांनी गाडगेबाबांना तुमच्यासमोर ज्या कामासाठी उभं केलं ते मला पटत नाही. ती आठवण सर्वांना माहीत आहे. कीर्तन चालू असताना मुलाच्या, गोविंदाच्या मृत्यूची बातमी आली, आणि बाबांनी ते उद्गार काढून कीर्तन पुढे चालू ठेवलं. ते स्वतःच्या मुलाबद्दल बोलले, स्वतःच्या काळजावर धोंडा ठेवून. दुसऱ्या कोणा आईला त्यांनी "रडू नकोस" म्हणून ते ऐकवलं नव्हतं. दुसऱ्याचं दुःख दिसलं की बाबा काय करत, ते पंढरपूर, नाशिक, आळंदी आणि मुंबई इथल्या त्यांच्या धर्मशाळांनी दाखवलं आहे. टाटा हॉस्पिटल परळला १९४१ सालापासून आहे, आणि तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर दादरला बाबांच्या नावाची धर्मशाळा आजही त्याच हॉस्पिटलच्या पेशंटना आसरा देते. ज्या माणसाला परक्याच्या दुःखात गुंतायचं नव्हतं, त्याने हे कशाला उभं केलं असतं? तुम्ही त्या मुलात गुंतलात म्हणून त्याला तोंड आलेलं असताना खाता आलं. किती मऊ, किती पातळ, मीठ किती, तूप घालायचं की नाही, हे न गुंतता कळत नाही. तुम्ही रडलात ते योग्य केलंत. पुढेही रडू येईल तेव्हा रडा, फक्त कोठीत एकटीने नको.

थकव्याबद्दल. तुमच्या धर्मशाळेतली माणसं महिनोन्‌महिने का राहतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, असे कितीतरी आठवडे. किमोचा एक डोस झाला की पुढचा बहुतेक वेळा तीन आठवड्यांनी. मधले दिवस डॉक्टर मुद्दाम मोकळे ठेवतात, कारण रक्तातल्या पेशी पुन्हा भरून आल्याशिवाय पुढचं औषध शरीराला झेपत नाही. पेशंट मधल्या दिवसांत खाटेवर पडून राहिला तर त्याला कोणी आळशी म्हणत नाही. आणि त्यांना जेवू घालणाऱ्या, गुडघे दुखत असताना (तुम्ही गुडघ्यांचं लिहिलं नाहीत, पण ६३ वर्षांचे गुडघे आणि लिफ्ट नसलेला दुसरा मजला मला कळतो) दिवसातून चार वेळा जिना चढणाऱ्या बाईला दत्तजयंतीपासून चैत्रापर्यंत एक दिवस मोकळा नाही.

त्यामुळे विश्वस्तांकडे दोन मागण्या करायच्या, आणि दोघांनी मिळून जायचं. पहिली, आठवड्यातून एक दिवस दुपारच्या महाप्रसादानंतर दोघांनाही सुट्टी. गुरुवार मागू नका, तो मिळणार नाही आणि तुम्हालाही रुचणार नाही. मंगळवार घ्या. दुसरी, जड कामाला एक धडधाकट माणूस. दहा-बारा किलो तांदळाचा टोप शिजला की तीस किलोच्या वर जातो, तो शेगडीवरून उतरवणं हे तुमच्या वयाचं काम नाही. पगारी माणूस ठेवायला पैसे नसतील तर संप्रदायातल्या तरुण मंडळींची पाळी लावा. परळ, लालबाग, शिवडी भागात तुमच्या आरतीला येणारी पोरं असतीलच, सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास येऊन टोप उतरवून जातील. नुसती विचारण्याची खोटी असते. आम्ही विचारायला दीड वर्ष लावलं आणि विचारल्यावर पाच जण आले.

विश्वस्त कुरकुर करतील अशी भीती वाटत असेल तर त्यांना एक विचारा. तुम्हाला जोडपंच का हवं होतं? दोन एकटी माणसं का चालली नसती? कारण त्यांनाही अनुभव आहे. नवऱ्याच्या इलाजासाठी मंगळसूत्र मोडून आलेली बाई ते ऑफिसात सांगत नाही, काकूंजवळ भाजी निवडताना सांगते. बायकोचा रिपोर्ट हातात घेऊन आलेला पुरुष जेवणघरात रडत नाही, काकांबरोबर हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत चालताना रडतो. त्या माणसांना तिथे एक घर लागतं, आणि ते घर म्हणजे तुम्ही दोघं. तुमच्यातलं बोलणं आटलं तर संस्थेकडे उरतील एक आचारी आणि एक कारकून. ते पगारानेही मिळाले असते.

इथे मला पैठणची गोष्ट आठवते. एकनाथ महाराजांकडे श्राद्धाचा स्वयंपाक तयार होता. बाहेरून जाणाऱ्या भुकेल्या, गावाने अस्पृश्य मानलेल्या माणसांना वास आला, आणि नाथांनी ते सगळं अन्न त्यांना वाढलं. ब्राह्मणांसाठी स्वयंपाक पुन्हा करावा लागला. कीर्तनात ही गोष्ट ऐकताना मान नाथांच्या करुणेवर डोलते आणि ती डोलायलाच हवी. पण विझत आलेली चूल पुन्हा पेटवली ती नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंनी. मी कोठी सांभाळायला लागल्यापासून ही गोष्ट ऐकली की मला आधी त्याच दिसतात, पदर खोचून पुन्हा पीठ मळायला बसलेल्या. त्यांची मनापासून साथ नसती तर नाथांना ते अन्न उचलून देता आलं नसतं. तुमच्या यजमानांना ही गोष्ट माहीत असणारच. चहाच्या वेळी आठवण करून द्या, भांडण म्हणून नको. त्यांच्या गोड बोलण्याचं कौतुक होतं ते पोटभर जेवून उठलेल्या माणसांकडून होतं, हे त्यांच्या कधी मनात आलं नसेल तर येऊ द्या.

मुलीकडे जा. यात मला दुसरं मत नाही. सव्वा महिना जा.

संकल्प मोडण्याचं म्हणाल तर जुनी माणसं याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणी होती. घरात मूल जन्मलं की सोयर धरायचं, माणूस गेलं की सुतक, आणि त्या दिवसांत नित्याची पूजासुद्धा थांबवायची, ही पद्धत आपलीच आहे. जन्म आणि मृत्यू यांच्यापुढे देवाने स्वतः थोडं सरून बसावं असं आपल्या धर्माने ठरवलं. मग दोन वर्षांच्या सेवेतून सव्वा महिना बाळंतिणीला दिला तर संकल्प कसा मोडेल? तेवढे दिवस पुढे वाढवा. सांगता दत्तजयंतीला न करता माघी गणपतीला करा. हे विश्वस्तांना लेखी द्या, म्हणजे यजमानांच्या मनालाही तिथे आधार सापडेल.

आत्ता चैत्र चालू आहे, हातात तीन महिने आहेत. मुलीला आजच फोन करून "येते" म्हणून सांगा. ती पहिल्या मुलाला सांभाळून, पोटातलं घेऊन रोज विचार करत असेल की आई परक्यांच्या मुलांना भात भरवते, माझ्याकडे येईल का. हे ती तुम्हाला कधी बोलून दाखवणार नाही. स्वयंपाकघराची सोय या तीन महिन्यांत लावता येते. त्या दोघींपैकी जिला अंदाज चांगला आहे तिच्याकडे आत्तापासून आठवड्यातले दोन दिवस कोठीच्या किल्ल्या द्या. आणि यजमानांना बारशाला पुण्याला यायला लावा. एक दिवसासाठी का होईना. नातवंडाला मांडीवर घेऊन ते परत गेले की ऑफिसातल्या खुर्चीत वेगळे बसतील.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण सेवेत गेलेली माणसं हे हमखास विसरतात. पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्याची तारीख बघून ठेवा. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. मेडिक्लेमचा हप्ता डोंबिवलीच्या पत्त्यावर येणाऱ्या कागदांत पडून राहिला नाही ना, हे तपासा. यजमानांचं वय सत्तरीच्या वर आहे, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि यादीतल्या हॉस्पिटलांमध्ये वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात होतात. बँकेत तुमच्या एकटीच्या नावाचं एक खातं आणि त्याचं कार्ड तुमच्याजवळ हवं. दुसऱ्यांच्या फायली रोज नीट लावणाऱ्या घरात आपली फाइल अर्धवट असते, हे मी स्वतःच्या घरी पाहिलं आहे.

आता पापाचं. देवासमोर उभं राहिल्यावर तुळस आठवली, पिठलं आठवलं. ताई, आपल्या देवाला बायकांनी दळताना, कांडताना, शेण्या थापताना हाक मारली आणि तो तिथे धावत आला असं आपण पिढ्यान्‌पिढ्या गात आलो. त्याला तुमच्या तुळशीचं वावडं कसं असेल? तुळस तर त्याचीच. मला यात पाप कणभरही दिसत नाही. मला दिसते ती दमलेली बाई, जिला चार महिन्यांत आपल्या हातचं आपल्या माणसाबरोबर बसून खाता आलेलं नाही. त्यावर उपाय आहे आणि तो फार लांब नाही. मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला परळहून कल्याणची धिमी गाडी पकडा, त्या वेळेला दोघांनाही बसायला मिळतं. कुलूप काढा, खिडक्या उघडा. तुळशीला शेजारीण पाणी घालत असेल तर तिच्याशी दोन शब्द बोला. नसेल घालत आणि तुळस वाळली असेल तर मंजिऱ्या चुरून त्याच कुंडीत टाका, पावसाळ्यात रोप येतं. मग दोघांपुरतं पिठलं करा. लसूण ठेचून, हिरवी मिरची घालून, जसं घरी करत होता तसं. यजमानांना कांदा चिरायला बसवा. रात्री परत येताना मुंबईकडची गाडी रिकामी असते, गर्दी समोरच्या फलाटावर उतरत असते.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मला माहीत आहे की तो तुमच्या मनात येईल: पहिल्या दिवशी चहा घेऊन बसल्यावर बोलायचं काय? तक्रारीने सुरुवात करू नका. मुलीच्या बाळंतपणानेही नको, तो विषय तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढा. पहिल्या दिवशी त्या मुलाचं नाव घ्या. मोतीहारीच्या. आणि विचारा, "त्या रात्री तुम्ही खाली काय काय केलंत? मला काहीच माहीत नाही." मग थांबा. लगेच बोलले नाहीत तरी थांबा. कदाचित "काही नाही, गाडी ठरवून दिली" एवढंच म्हणतील. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं येईल. तुम्ही त्यांना गुरगुर भाताचं सांगा, तो चमच्याने कसा खायचा, कुठे थांबायचा. हे त्यांना माहीत नसणार, ते तेव्हा ऑफिसात असायचे.

चहात आलं घाला, साखर बेताची. कोणी दार वाजवलं तर आतूनच सांगा, "काका-काकू पंधरा मिनिटांनी येतात."